फोटोतल्या घोडेस्वाराचा कुडता नेमका कोणत्या रंगाचा?

पूर्णाकाठ (चांदूर बाजार)

मंडळी, जुने फोटो आणि जुन्या पलटणी यांची माहिती असणाऱ्यांनी थोडा वेळ द्यावा ही विनंती.

आमच्या घराची मागची धाब्याची खोली यंदा पाडली. तिथल्या लोखंडी पेटीत जुन्या सातबाऱ्यांच्या आणि साऱ्याच्या पावत्यांच्या खाली जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन फोटो निघाले. दोन्ही स्कॅन करून लावले आहेत.

पहिल्या फोटोत आमचे खापरपणजोबा आहेत. पुठ्ठ्यामागे शाईने मोडीत नाव आहे, ते जाणकाराकडून वाचून घेतलं, त्यामुळे माणूस कोण याबद्दल शंका नाही. पुठ्ठा गडद तांबूस, कडांना सोनेरी मुलामा, उंची वीतभर. उभे आहेत. उजव्या हातात भाला, भाल्याला छोटं दुरंगी निशाण, वरचा भाग काळा आणि खालचा पांढरा. डोक्यावर मोठा फेटा, मधून आतल्या निमुळत्या टोपीचं, म्हणजे कुल्ल्याचं, टोक वर आलेलं. गुडघ्यापर्यंत कुडता, तो फोटोत जवळजवळ काळाच दिसतो. गळपट्टी आणि मनगटाच्या पट्ट्या मात्र पांढऱ्याशुभ्र. कमरेला रुंद कमरबंद, त्यावर चामडी पट्टा, डाव्या अंगाला तलवार. दोन्ही खांद्यांवर साखळ्यांसारखं काहीतरी. छातीवर डावीकडे एक पदक.

दुसरा फोटो लहान आहे, पत्त्याच्या पानाएवढा. त्यात एक गोरा शिपाई. छातीवर आडव्या दोऱ्यांच्या ओळी, लग्नातल्या बँडवाल्यांच्या ड्रेसवर असतात तशा. कापड करडं दिसतं आणि दोऱ्या काळ्या. हा माणूस कोण, आमच्या पेटीत कसा आला, घरात कोणालाच सांगता येत नाही.

घरातली ऐकीव माहिती एवढीच: ते शिलेदार होते, घोडा घरचा होता, सरकारचा नव्हता. ते समुद्र ओलांडून कुठेतरी लढायला गेले आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घेऊन गावजेवण घालावं लागलं. आमचे मोठे काका म्हणतात शिलेदार म्हणजे भोसल्यांच्या फौजेतलेच. पण फोटो बघून मला तसं वाटत नाही.

आता अडचण. अक्षय तृतीयेला पितरांना पाणी द्यायला सगळे भाऊबंद गावी जमतात. तेव्हा हा फोटो मोठा, रंगीत करून ओसरीत लावायचं ठरलं आहे. पुतण्याने मोबाईलवरच्या ॲपमध्ये घालून रंगवला, तर कुडता लालभडक आला, निशाणाचा वरचा भाग काळा आणि गोऱ्या शिपायाच्या दोऱ्याही काळ्या. घरात सगळ्यांना तो लाल आवडला. मला मात्र पटत नाही. एकदा का ओसरीत लाल कुडता लागला की पुढच्या पिढ्या तोच खरा धरतील. म्हणून विचारतो, असा फोटो बघून खरा रंग ओळखता येतो का? आणि हे नेमके कुठल्या फौजेतले असतील?


मोर्शीकर

लालच ठेवा. इंग्रजांची फौज लाल डगल्याचीच होती, सगळ्या चित्रांत तशीच दिसते. आणि ओसरीत लाल उठूनही दिसेल. खापरपणजोबांना नमस्कार, फोटो फारच रुबाबदार आहे.


निगेटिव्हवाला (अमरावती)

पूर्णाकाठ, थोडं थांबा, फ्रेमवाल्याकडे देऊ नका. तुमची शंका बरोबर आहे. मी आयुष्यभर स्टुडिओ चालवला, फोटो डार्करूममध्ये हाताने धुतले. त्या अनुभवावरून सांगतो.

डार्करूममध्ये आम्ही लाल बल्ब का लावायचो? कारण ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटो छापायच्या, कागदाला लाल उजेड दिसतच नाही. त्या बल्बखाली कागद थोडा वेळ उघडा ठेवला तरी काही बिघडत नसे. पांढरा उजेड क्षणभर लागला की मात्र कागद काळा. तुमच्या खापरपणजोबांच्या काळात कॅमेऱ्यातली काच, जिच्यावर फोटो उमटायचा ती, याच जातीची होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियन या चिकट द्रवाचा थर दिलेली ओली काच आणली, पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या. दोन्हींना निळा उजेड भरपूर दिसतो, पिवळा आणि हिरवा अगदी कमी, लाल जवळपास शून्य. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने काचेच्या थरात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवायला सुरुवात केली. लालसुद्धा बघणारी पॅनक्रोमॅटिक काच दुकानात मिळू लागली ती १९०६ मध्ये. राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ मध्ये. म्हणजे तिच्या कारकिर्दीतल्या कुठल्याही स्वाराचा फोटो घ्या, तो लाल रंगाला आंधळ्या असलेल्या काचेवरच काढलेला आहे असं धरून चला.

याचा परिणाम काय होतो ते बघा. लाल कुडता काळा येतो. गडद हिरवा काळा येतो. पिवळासुद्धा काळपट येतो. जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या पदरी होता, नंतर १८०३ मध्ये इंग्रजांसाठी त्याने घोडदळ उभं केलं, त्या स्किनर्स हॉर्सचा कुडता हळदीसारखा पिवळा. त्यांचे त्या काळातले फोटो पाहिले तर स्वार शोकसभेला निघालेत असं वाटावं इतके काळे. उलट निळा रंग आपल्या डोळ्याला जेवढा दिसतो त्याच्यापेक्षा उजळ येतो. आपल्या कामठीच्या छावणीत मद्रासचं घोडदळ असायचं, त्यांचा गणवेश फिकट निळसर करडा. तो या काचेवर पांढऱ्याच्या जवळ जातो.

आता तुमच्या गोऱ्या शिपायाकडे वळू. छातीवर आडव्या दोऱ्या म्हणजे हुसार, इंग्रजांचं हलकं घोडदळ. १८५६ पासून त्यांच्या डगल्यावर दोऱ्यांच्या सहा ओळी असत. त्याआधी ओळी जास्त दाट होत्या आणि एका खांद्यावर दुसरा लोकरीचा डगला लटकवायची पद्धत होती. तुमच्या फोटोत मोजून सहा ओळी आहेत. हुसारांचा डगला गडद निळा आणि शिपायाच्या दोऱ्या पिवळ्या. आपल्या डोळ्याला निळ्यावर पिवळं लखलखीत दिसलं असतं. काचेने उलटं केलं, निळं कापड करडं झालं आणि पिवळी दोरी काळी पडली. पुतण्याच्या ॲपने काळी दोरी बघितली आणि काळीच ठेवली. त्याला कळायला काही मार्गच नाही.

हा लहान आकार अडीच बाय चार इंचाच्या पुठ्ठ्याचा. दिस्देरी नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि लोक ते फोटो भेटकार्डासारखे एकमेकांना देऊ लागले. छावणीतल्या ओळखीतून तुमच्याकडे आला असेल तर त्यात नवल नाही. तुमच्या खापरपणजोबांचा मोठा पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा भरेल, मोजून बघा. तो १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, पण गडद पुठ्ठा आणि सोनेरी कड ही आवड १८८० ते १९०० च्या दरम्यानची.

आता मुख्य फोटो. रंग ठरवायचा तर फोटोत अशी वस्तू शोधायची की जिचा खरा रंग आपल्याला बाहेरून माहीत आहे. तुमच्याकडे अशा दोन आहेत.

पहिली भाल्याचं निशाण. हिंदी घोडदळातल्या भालेवाल्यांचं निशाण साधारणपणे वर लाल, खाली पांढरं. तुमच्या फोटोत वरचा भाग काळा आलाय, म्हणजे काच लाल बघत नव्हती.

दुसरी पदकाची फीत. ती मी तुमच्या स्कॅनमध्ये जितकी मोठी करता येईल तितकी करून बघितली. पाच उभ्या पट्ट्या दिसतात: गडद, उजळ, गडद, उजळ, गडद. १८५७ च्या बंडाच्या पदकाची फीत पांढरी आणि तिच्यावर दोन लाल पट्ट्या, म्हणजे कडा उजळ आल्या असत्या. १८७८ ते ८० च्या अफगाण युद्धाची फीत हिरवी आणि कडेला किरमिजी, ती या काचेवर सगळीच काळपट झाली असती. कडा गडद आणि मध्ये दोन उजळ पट्ट्या हे जुळतं १८५४ साली सुरू झालेल्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदकाशी. त्याची फीत लाल, तिच्यावर दोन गडद निळ्या पट्ट्या. हातात घेतली तर निळ्या पट्ट्या गडद वाटतात, काचेवर मात्र लालपेक्षा निळ्या उजळ. ही जागा बघून मला फार आनंद झाला. एवढ्याशा फितीत अख्ख्या काचेचा स्वभाव दिसतो.

यावरून कुडत्याबद्दल एवढं निश्चित सांगता येतं की तो निळा नाही. निळा असता तर गडद छटेचा असूनही फितीतल्या पट्ट्यांसारखा उजळला असता. पूना हॉर्सचा कुडता गडद निळा, म्हणून ती पलटण बाद. लाल आणि गडद हिरवा यांतला फरक मात्र ही काच दाखवू शकत नाही. तिथून पुढचा निवाडा पलटणीवरून करावा लागेल. कोणी इतिहासवाले असतील तर त्यांनी सांगावं.


अकोल्याचा मास्तर

परतवाड्याजवळचं गाव, पांढरी गळपट्टी, घरचा घोडा आणि हातात भाला. माझ्या मते हे हैदराबाद कंटिन्जंटचे स्वार.

शिलेदार म्हटलं की आपल्याला भोसले आठवतात हे साहजिक आहे. पण इंग्रजांनीही हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत चालू ठेवली होती, ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. स्वाराने घोडा, कपडे, खोगीर स्वतः आणायचं किंवा पलटणीत असामीचे (घोडा-सामानाच्या हिश्श्याचे) पैसे भरायचे, सरकार बंदूक आणि दारूगोळा देणार. ज्याच्याकडे पैसे नसत तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून चाकरी करायचा. तुमच्या घरची आठवण याच्याशी तंतोतंत जुळते. नागपूरचं भोसल्यांचं राज्य तर १८५३-५४ मध्येच खालसा झालं, त्यामुळे या पुठ्ठ्याच्या फोटोचा त्यांच्या फौजेशी संबंध लावता येत नाही.

कंटिन्जंट ही निजामाच्या नावाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज. तिच्या पगाराची थकबाकी वाढली म्हणून १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या पेटीत साऱ्याच्या पावत्या आणि स्वाराचा फोटो एकत्र निघाले, ते योग्यच आहे. आपल्या बापजाद्यांनी कापसाच्या रानावर भरलेल्या साऱ्यातूनच ही फौज पोसली गेली. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझबरोबर झाशी, काल्पीपर्यंत जाऊन लढली तीही हीच फौज, तेव्हा या इतिहासाची ती बाजूही विसरू नये. परतवाड्याला, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूर छावणीत, तिच्या तुकड्या असत. १९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांनी कायमच्या इजाऱ्याने (भाडेपट्ट्याने) घेतला आणि १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळल्या. त्यातूनच पुढे डेक्कन हॉर्स हे नाव आलं.

आता रंग. कंटिन्जंटच्या घोडदळाचा गणवेश गडद हिरवा आणि गळ्या-मनगटाची पट्टी पांढरी. १८९० मध्ये या रिसाल्यांना ‘लान्सर्स’ म्हणजे भालेवाले हे नाव मिळालं. तेव्हा फोटो १८९० ते १९०३ च्या दरम्यानचा असावा असा माझा कयास.

मोर्शीकर, लाल डगला मुख्यतः पायदळाचा आणि गोऱ्यांच्या जड घोडदळाचा. हिंदी रिसाल्यांत पिवळा, हिरवा, निळा, मातकट असे सगळे रंग होते. सेंट्रल इंडिया हॉर्सचा तर मातकट कपडा आणि त्याला मरून रंगाची पट्टी.


काजबटन (अचलपूर)

राम राम सगळ्याईले. माह्यं दुकान अचलपुरात हाये. बँडपार्टीचे, लेझीम पथकाचे, शाळेच्या परेडीचे ड्रेस शिवतो, बापानंबी तेच केलं. काचेचं भाऊनं सांगतलं, पलटणीचं मास्तरनं सांगतलं, म्या कापडाचं सांगतो.

तुमच्या खापरपणज्याचा कुडता म्या लय येळ पाह्यला. गळ्यापासून कमरबंदापर्यंत चीर हाये, खाली कापड अखंड. म्हंजे डोक्यातून घालाचा कुडता. दोन्ही बाजूले चाक, म्हंजे खालून चिरा, हायेत, घोड्यावर बसल्यावर कापड दोन्हीकडं फाकलं पायजे, नाईतर मांडीवर ताणते अन् शिवण उसवते. खांद्यावर ढिला ठेवला हाये, तलवार उगाराले हात मोकळा लागते. ज्यानं शिवला त्याले घोडेस्वाराचं काम माहीत होतं. पलटणीतच दर्जी बसवलेला असन असं वाटते, कारण बाजारातल्या शिंप्यानं खांदा इतका मोकळा कापला नसता.

गळपट्टी पाहा. काही लोकाईले वाटन का पांढरी फीत लावली हाये. फीत नाई. कडेले बारीक सावली पडली हाये अन् कोपरा उभा हाये, म्हंजे आतून बकरम (कडक अस्तर) घालून येगळ्या कापडाची पट्टी जोडली हाये. मनगटावर ती पट्टी वर टोकदार होते. ते टोक शिवाले सोपं नाई, दोन्ही हाताचं टोक बराबर मधात यावं लागते. याचं आलं हाये. म्या तर त्या शिंप्याले इथूनच हात जोडतो.

कमरबंद दोन येढे देऊन गुंडाळला हाये, घड्या सारख्या रुंदीच्या, अन् वरून पट्टा असा आवळला का घडी हलणार नाई. हे एकट्याले जमत नाई, दुसऱ्यानं टोक धरा लागते.

गोऱ्या शिपायाच्या दोऱ्याईचं सांगतो. आम्ही बँडवाल्याईले शिवतो तवा दोरी कापडावर चिटकवून टाकतो, पैसे तेवढेच भेटतात. या फोटोत दोरी बटनापाशी फासा घेऊन मागं फिरते अन् बाहेरच्या टोकाले मोकळी लोंबते. तिथं हातानं टाका घातला हाये. पिवळी होती म्हणता तर निळ्यावर लय सुंदर दिसत असन.

हिरव्याबद्दल एक इनंती. रंगवाल तं पोपटी करू नका. जुन्या जाड लोकरी कापडाचा गडद हिरवा सावलीत काळाच वाटते, उन्हात घडीच्या उंचवट्यावर हिरवा उजळते. पुतण्याले सांगा, घडीवर थोडा हिरवा अन् खोलात काळपट ठेव. आखजीच्या आधी दुकानात या, म्या तसल्या छटेचा तुकडा काढून ठेवतो, तो मोबाईलपाशी धरून रंग जुळवा.


कारंजाची लेक

धागा वाचून राहवलं नाही म्हणून विचारते. आमच्या माहेरी माझ्या आजोबांच्या आजोबांचा फोटो आहे, तोही गणवेशातला, पण कागदावर नाही, पातळ काळ्या पत्र्यावर आहे. त्यात तलवार उजव्या कमरेला आणि पदकही उजव्या छातीवर. त्यामुळे घरात ते डावखुरे होते असंच सांगतात आणि माझ्या भावाचा डावखुरेपणाही त्यांच्याकडून आला म्हणतात. पत्र्यावर फोटो कसा काढायचे? आणि तो चिरत चाललाय, काय करावं?


निगेटिव्हवाला (अमरावती)

ताई, याला फेरोटाइप म्हणतात, काही जण टिनटाइप. काळ्या लाखेचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्यावरच कोलोडियन ओतून कॅमेऱ्यात घालायचे. मध्ये निगेटिव्ह नाही, कागदावर छापणं नाही, तो पत्रा हाच फोटो. त्यामुळे प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते, डावं उजवीकडे जातं. लष्करात पदक डाव्या छातीवर लावतात आणि स्वाराची तलवार डाव्या अंगाला असते, ती उजव्या हाताने उपसायची. पदक आणि तलवार दोन्ही एकदम उजवीकडे दिसतात, म्हणजे फोटोच उलटा आहे. आजोबांचे आजोबा बहुधा उजव्या हाताचेच होते. बटणांची बाजूही बघा, तीही उलटी सापडेल.

पत्रा वाकवू नका, पाण्याने किंवा स्पिरिटने पुसू नका. आपल्याकडे पावसाळ्यात दमट आणि मे महिन्यात भट्टी, तेव्हा थर सुटतो. मऊ सुती कागदात गुंडाळून घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा, टिनाच्या छपराखाली अजिबात नको. मोबाईलने फोटो काढायचा तर खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको.


पूर्णाकाठ (चांदूर बाजार)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता जे सांगतो ते वाचून तुम्हालाही माझ्याइतकाच आनंद होईल.

निगेटिव्हवाले काकांनी फितीचं लिहिल्यावर दर्यापूरच्या आत्याला फोन केला. तिच्या देवघरात एक चांदीचा मोठा शिक्का आहे, खंडेनवमीला तलवारीबरोबर त्याची पूजा होते. तिला फोटो पाठवायला सांगितला. शिक्का नाहीच, पदक आहे. एका बाजूला राणीचा चेहरा. दुसऱ्या बाजूला बसलेला योद्धा आणि त्याच्या डोक्यावर माळ धरणारी पंखांची बाई. आमच्या आत्या आणि आजी तिला देवी समजून हळदकुंकू वाहत आल्या आहेत. वर आडवी पट्टी आहे, त्यावर इंग्रजीत ‘बर्मा १८८५-७’ असं कोरलेलं आहे.

म्हणजे समुद्र ओलांडला तो ब्रह्मदेशात जायला. गावजेवणाची गोष्ट खरी निघाली.

मास्तरांचा कयास बरोबर वाटतो. आत्याच्या मुलाने भिंगाने पदकाची कड पाहिली. बरीच अक्षरं झिजली आहेत, पण हैदराबाद आणि कंटिन्जंट या शब्दांची इंग्रजी लघुरूपं वाचता येतात आणि त्यांच्या आधी नावाची सुरुवातीची अक्षरं आहेत, ती पुठ्ठ्यामागच्या मोडी नावाशी जुळतात. काकांना दाखवलं. ते बराच वेळ पदकाचा फोटो बघत बसले आणि मग म्हणाले, भोसल्यांचे नसले तरी आपलेच आहेत.

कुडता हिरवा करायचं ठरलं. काजबटन दादा, शनिवारी तुकडा न्यायला येतो. दोन प्रश्न राहतात. कमरबंद आणि फेटा कोणत्या रंगाचा करू? आणि या पदकाची कड घासून अक्षरं उजळवली तर चालेल का?


निगेटिव्हवाला (अमरावती)

कड घासू नका, ही कळकळीची विनंती. भांड्याची पावडर, चिंच, राख काहीही नको. त्या काळच्या पदकांवर शिपायाचं नाव आणि पलटण कडेवर कोरत असत आणि दरवेळी घासल्याने तीच अक्षरं जातात. पूजेत हळदकुंकू कपाळाला लावतो तसं पंखांच्या बाईला टेकवा, पण नंतर कोरड्या मऊ फडक्याने टिपून घ्या. कड वाचायची तर टॉर्च आडवा धरा, उजेड कडेला समांतर जाऊ द्या. झिजलेल्या अक्षरांचे खड्डे सावलीमुळे उठून दिसतील. तसे चार-पाच फोटो वेगवेगळ्या कोनातून काढा आणि इथे लावा. मास्तरांना रिसाल्याचा क्रमांक वाचता येतो का बघू.

कमरबंद आणि फेटा राखाडीच ठेवा. या दोन्हींची करडी छटा मधली आहे, ती निळ्या, तांबूस, भुरकट अशा कितीतरी कापडांची येऊ शकते आणि फेटे तर तुकडीगणिक, माणसागणिक वेगळे असत. जिथे पुरावा आहे तिथे रंग भरा: कुडता गडद हिरवा, पट्ट्या पांढऱ्या, निशाण वर लाल खाली पांढरं, फीत लाल आणि तिच्यात दोन निळ्या रेघा. चेहऱ्याला, हातांना हलका सावळा रंग. बाकी मूळ फोटोसारखं राहू द्या. अर्धा रंगीत फोटो वाईट दिसत नाही, आम्ही पूर्वी हाताने रंगवायचो तेव्हाही असंच करायचो. गोऱ्या शिपायाच्या दोऱ्या पिवळ्या आणि डगला गडद निळा करायला मात्र काही हरकत नाही, तिथे शंका नाही.

मूळ पुठ्ठा फ्रेममध्ये घालू नका. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थरावर छापलेला तो कागद आहे, काचेला चिकटला तर सुटत नाही आणि ओसरीच्या उजेडात पिवळा पडून उडतो. लॅमिनेशन तर नकोच. बाराशे डीपीआयवर पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करा. मोडीतली ओळ मोठ्या फोटोखाली जशीच्या तशी छापा, म्हणजे नाव पुन्हा कोणाला शोधावं लागणार नाही. छपाई मॅट कागदावर घ्या. ओसरीत समोरून ऊन येत असेल तर चकचकीत कागदावर चेहरा दिसत नाही.